भोंगा वाजवू नका!

नगरपालिकेत दर काही वर्षांनी जुन्या कागदांचा 'नाश' करतात. सरकारी शब्दच तो आहे, नाश यादी. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी अशा कितीतरी याद्या केल्या, गठ्ठे बांधले, सह्या घेतल्या आणि मागच्या अंगणात होळी केली. पण किश्शांची नाश यादी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे ते साचत गेले. आम्ही रिटायर मंडळी स्टँडसमोरच्या हॉटेलात कटिंग घ्यायला बसलो की एकेक निघतो. त्यातही 'बंदुकीच्या मंगळवारा'चे किस्से निघाले की पहिल्या कटिंगचा दुसरा होतो आणि हॉटेलवाला खुश होतो.

आमचं गाव पाचोऱ्याहून पहूरकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही. यातली बरीच मंडळी अजून हयात आहेत, आणि मला पेन्शन चालू आहे! मी तिथे हेडक्लार्क होतो. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे.

* * *

सुरुवात एका पत्राने झाली. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. दूरच्या एका गावात भर बाजारात एका माथेफिरूने बंदूक काढली होती. पहिल्या दोन बारांत एकच जण जखमी झाला. माणसं गेली ती नंतर! बार कुठे झाला हे बघायला सगळा बाजार धावत आला, त्याच्या पुढ्यातच जाऊन उभा राहिला, आणि मग त्याने पुन्हा बंदूक भरली.

त्यावर जिल्ह्याहून सगळ्या नगरपालिकांना पत्र आलं. गर्दीच्या ठिकाणी कुणी गोळीबार केला तर नगरपालिका काय करणार, याचा आराखडा आठ दिवसांत पाठवा.

आता आमची पद्धत सांगतो. वरून महिन्याला वीस-पंचवीस तक्ते मागवले जायचे. साथीचे रोग किती, पूर किती, पडझड किती. आमचं उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, 'निरंक'. म्हणजे काही नाही. त्याचा मी रबरी शिक्काच करून घेतला होता. त्या दिवशी टपालाचा ढीग मोठा होता आणि मी विषयाच्या ओळीपुढे काही वाचलं नाही. 'गोळीबार' एवढं दिसलं. आमच्याकडे कुठे झालाय गोळीबार? मारला शिक्का!

तिसऱ्या दिवशी जळगावहून फोन आला. फोन आमच्या सीओ साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकारी सबनीस यांनी घेतला. तरुण माणूस, पुण्याकडचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणंही इस्त्रीचंच. फोन ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, ते विचारतायत की गोळीबार झाला तर तुमची नगरपालिका काय करणार?"

"मग?"

"तुम्ही कळवलंय, निरंक!"

* * *

आराखडा माझ्या गळ्यात पडला. सबनीस साहेबांनी एकच प्रश्न दिला आणि तो लाल शाईने फाइलच्या वर लिहिला. 'दहा मिनिटांत बाजार रिकामा कसा होईल?'

प्रश्न कागदावर होता तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. पण मंगळवार आला. मंगळवारी आमचा बाजार. ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तर माझी बायको कमल नेहमीप्रमाणे बरोब्बर चार वाजता पिशवी घेऊन आली होती आणि वांग्याच्या ढिगापाशी बसून एकेक वांगं चेहऱ्याजवळ नेऊन कीड बघत होती. मनात आलं, आत्ता समोरून कुणी बंदूक काढली तर हिला इथून हलवणार कोण? मी सांगून तर ती हलणार नाही. बावीस वर्षांचा अनुभव होता! त्या दिवसापासून त्या लाल शाईकडे बघितलं की मला वांग्यापाशी बसलेली कमल दिसायची.

* * *

आराखड्यासाठी मीटिंग बोलावली. अध्यक्षस्थानी नगराध्यक्षा शेवंताअक्का. जागा महिला राखीव झाली म्हणून निवडून आलेल्या, सातवी पास. त्यांचे यजमान आधी नगरसेवक होते, त्यामुळे कारभार तेच बघणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते केबिनमध्ये शेजारी खुर्ची ओढून बसले. अक्कांनी त्यांना बाहेरचा बाक दाखवला. "तुमनी पाळी व्हई गयी." झालं! पुढे पाच वर्षं ते त्या बाकावर पेपर वाचत.

मीटिंगमध्ये पहिला तास प्रथमोपचार केंद्र कुणाच्या वॉर्डात, यावर गेला. सगळ्यांनाच आपल्या वॉर्डात हवं होतं. शेवटी उपनगराध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "गोळीबार नेमका कोणत्या वॉर्डात होणार, ते आधी सर्वानुमते ठरवा!"

मग जखमींना न्यायचं कशात? अँब्युलन्स नव्हती. आमच्याकडे आगीचा बंब होता आणि शववाहिका होती. एका सदस्याने सुचवलं, शववाहिका रिकामीच असते, तीच वापरू. सबनीस साहेब लिहूनही घेऊ लागले. अक्कांनी त्यांना हाताने थांबवलं.

"साहेब, जित्ता मानुसले त्या गाडीमा कोन बसाडी? अर्धा जीव ते गाडी देखीसनच जाई!"

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. अक्कांनी मग मला लिहायला लावलं. मंगळवारी बाजाराला खेड्यांवरून टेम्पो येतात आणि संध्याकाळपर्यंत रिकामे उभे असतात. त्यांच्या ड्रायव्हरांची नावं लिहा. काही झालं तर पहिला टेम्पो जखमींना घेईल. बाकीच्यांनी आपापल्या गावाच्या नावाने ओरडायचं आणि आपली माणसं घेऊन निघायचं. ते दर मंगळवारी संध्याकाळी तेच करतात, वेगळं शिकवायला नको.

साहेबांनी मान वर करून अक्कांकडे पाहिलं. माझ्या मते त्या दिवसापासून ते अक्कांशी बोलताना उभे राहायला लागले.

* * *

मध्येच लोटनचा एक किस्सा सांगून घेतो, नाहीतर राहून जाईल. लोटन आमचा व्हॉल्व्हमन. खांद्यावर हातभर लांब लोखंडी चावी. गावात पाणी चार दिवसांनी यायचं आणि कुठल्या गल्लीला किती वेळ हे लोटनच्या मनगटावर होतं. अध्यक्ष बदलले, साहेब बदलले, पण गावात खरा नमस्कार लोटनला असायचा. लग्नपत्रिका पहिली गणपतीला आणि दुसरी लोटनला! माणूस अबोल. साहेबलोकांशी तर बोलायचाच नाही, नुसती मान हलवायचा.

एकदा टाकी भरून वाहायला लागली म्हणून लोटनने पाळी नसताना मंगळवारी भरदुपारी पाणी सोडून दिलं. 'नळाला पाणी आलं' एवढी एक हाळी बाजारात आली आणि बाजार उठला! पैसे दिलेला माल सोडून बायका पळाल्या. कापडवाल्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक अर्धं फाडलेलं कापड तसंच टाकून गेलं. न्हाव्यापुढे बसलेला माणूस एका गालाला साबण तसाच ठेवून गल्लीत शिरला. दहा मिनिटांत चौकात माणूस दिसेना. खेड्यावरचे लोकही पळाले. नंतर विचारलं तर म्हणाले, "बठ्ठा पळनात, म्हनीसन आम्हीबी पळनूत!"

व्यापाऱ्यांनी मोर्चा आणला. लोटनला मेमो दिला गेला, तो मीच टाइप केला होता. 'आपण बाजाराच्या दिवशी पूर्वसूचनेशिवाय पाणी सोडून बाजार रिकामा केलात, सबब खुलासा करावा.'

आज तो मेमो आठवला की मी कपाळाला हात लावतो. तो आणि लाल शाईची फाइल एकाच कपाटात, एकाच खणात होती!

* * *

आराखड्याला गावातल्या बंदुकांची यादी जोडायची होती. लायसनच्या बारा-तेरा बंदुका होत्या. शेतातली रानडुकरं आणि केळीवरची माकडं हाकलायला लोक ठेवायचे. पोलिसांनी यादी दिली आणि साहेबांनी मला प्रत्यक्ष पाहून यायला सांगितलं. एका घरी बंदूक लोणच्याच्या बरण्यांमागे निघाली. दुसऱ्या घरी तिला दोरी बांधून सुनेने लुगडी वाळत घातली होती.

तिसरं घर पिंपळगल्लीत सुपडूनानांचं. पिंपळगल्ली म्हणजे गावाचं चढावरचं शेवटचं टोक. नाना साठीचे, सरळ, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. त्यांनी धोतरात गुंडाळलेली बंदूक काढून दाखवली. तेल दिलेली, लखलखीत. मग काकूंनी चहा दिला. चहाबरोबर पाणी आलं ते अर्धा ग्लास.

नाना म्हणाले, "भाऊसाहेब, बंदूक देखी लिनी ना? आते नळबी देखी ल्या."

नळ पाहिला. तोटीच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं! दोन वर्षं त्या गल्लीला थेंब चढला नव्हता. काकू खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणायच्या. मेन रोडचा व्हॉल्व्ह आधी तासभर बंद ठेवला असता तर पाणी चढलं असतं, हे लोटनला ठाऊक होतं आणि मलाही. पण मेन रोडवर तीन नगरसेवक राहायचे. नानांचे सहा अर्ज माझ्याकडे आले होते. सहाही अर्जांवर मी 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला होता. म्हणजे अर्ज मिळाला, ठेवून दिला, आता विसरा.

माझ्या हातातल्या तक्त्यात 'बंदुकीची स्थिती' असा रकाना होता. नळाचा रकाना नव्हता. मी लिहिलं, 'सुस्थितीत', आणि उठलो. याची मला आजही लाज वाटते.

* * *

आता रंगीत तालीम! सबनीस साहेबांचा आराखडा छान टाइप झाला होता. कलम एक, भोंगा वाजवणे. कलम दोन, नागरिकांनी जमिनीवर आडवे होणे. कलम तीन, शांतपणे पांगणे. ऑफिसच्या छतावर भोंगा होता आणि त्याचं बटण माझ्या खुर्चीच्या मागे. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला मीच दाबायचो. आमचा शिपाई भिकन बंदूकवाला झाला. हातात झाडूचा दांडा देऊन त्याला समोरच्या मार्केटच्या गच्चीवर चढवलं. आमच्या ऑफिसच्या आणि मार्केटच्या मधोमध बाजार भरतो.

साहेबांनी घड्याळ पाहून खूण केली. भिकन गच्चीवरून तोंडाने ओरडला, "ठो!" मी बटण दाबलं.

आता आमच्या गावचा रिवाज काय? अवेळी भोंगा झाला म्हणजे कुठेतरी आग लागली. भोंगा ऐकल्यावर घरात बसणारा माणूस आमच्याकडे माणूस म्हणून मोजत नाहीत. ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन धावायचं. बाजारातून तर कुणी हललं नाहीच, उलट चारी बाजूंनी बादल्या, घागरी, घमेली घेऊन अर्धं गाव बाजारात आलं! "कोठे लागनी? कोठे लागनी?" म्हणत लोक एकमेकांवर आदळत होते. तालीम चालू आहे हे कळल्यावर तर कुणी जायलाच तयार होईना. गच्चीवरच्या भिकनला पाहून खालून टाळ्या पडल्या. "भिकन, आखो एक डाव!" भिकनलाही चढली. त्याने चार-पाच वेळा ठो केलं आणि वर दोनदा मिशीला पीळ दिला.

साहेब कर्ण्यावरून, म्हणजे लाउडस्पीकरवरून, घसा फोडून सांगत होते, "नागरिकांनो, आडवे व्हा!" त्यांच्याजवळच कांदे विकणारी एक म्हातारी होती. तिने वर पाहून विचारलं, "मी आडवी व्हसू, पन मना कांदा कोन देखी?"

बंब आलाच नाही. तो एका लग्नाच्या मांडवात पाणी शिंपडायला गेला होता.

आणि कमल? गर्दीतून वाट काढत ती माझ्या खिडकीखाली आली, हातात वांगी. "अहो, कुठे लागलीय आग?" साहेबांच्या देखत! मी कुठल्या तोंडाने सांगणार की आग नाही, मी तुला घरी पाठवतोय?

संध्याकाळी साहेब डोकं धरून बसले होते. अक्का आल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आपलं गाव आवाजले भ्यात नही. आवाज कोठे व्हयना ते देखाले जास."

साहेबांनी विचारलं, "मग काय करायचं, अक्का?"

अक्का म्हणाल्या, "माले तरी कोठे ठाऊक शे?" पण जाताना त्यांनी ती फाइल घरी नेली. दुसऱ्या दिवशी परत दिली तेव्हा त्यात काही लिहिलेलं नव्हतं. फक्त 'कलम एक, भोंगा वाजवणे' यावर पेन्सिलीने काट मारलेली होती.

* * *

तो मंगळवार तालमीनंतर चार-पाच महिन्यांनी आला.

सबनीस साहेब गावात नव्हते. ते जळगावला मीटिंगला गेले होते. विषय, 'आपत्कालीन आराखड्यांचा आढावा'!

सकाळी अकराला सुपडूनाना माझ्या टेबलापाशी आले. सातवा अर्ज होता. काकू विहिरीवर हंडा घेऊन पडल्या होत्या, कंबरेचं हाड मोडलं होतं, घर सांभाळायला लेक आली होती, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी फाइलींच्या गर्दीत होतो. म्हणालो, "नाना, साहेब नाहीत. पुढच्या मंगळवारी या."

"पुढला मंगळवार?" एवढंच म्हणाले आणि गेले.

दुपारी चार वाजून गेले असतील. पहिला बार झाला तेव्हा मला ट्रकचं टायर फुटल्यासारखं वाटलं. ऑफिसवरची पाटी खळकन खाली आली. दुसरा बार बाजारात गेला. मी खिडकीतून पाहिलं. मार्केटच्या गच्चीवर, भिकन उभा होता तिथेच, सुपडूनाना उभे होते. खाली बांगड्या विकणाऱ्या रखमाबाई हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पांढऱ्या टोपलीवर रक्त पडत होतं. वांगेवाल्यापाशी कमल होती. उभी राहून, मान उंचावून गच्चीकडे बघत होती! तिच्यासारखे सगळेच बघत होते. मागचे पुढे यायला लागले होते.

माझं डोकं चालेनासं झालं. एकच सवय शिल्लक होती. मी वळून भोंग्याच्या बटणावर हात नेला.

तो हात अक्कांनी मनगटात धरला. त्या केबिनमधून कधी आल्या मला कळलं नाही.

"भोंगा नको!"

मग त्या भिकनला म्हणाल्या, "पळ, लोटनले सांग, पानी सोड. बठ्ठा गावले." टाकी ऑफिसच्या शेजारीच, लोटन तिथेच बसायचा. मी म्हणालो, अक्का, नुसतं पाणी आलं असं ओरडून सांगू, टाकी रिकामी झाली तर चार दिवस गाव बोंबलेल. अक्का माझ्याकडे वळल्या.

"खोटं सांगाले नको, भाऊसाहेब. आज खोटं सांगं, ते पुढला डाव कोनी हालनार नही."

आणि त्यांनी कर्ण्याचा माइक हातात घेतला. आवाज जरासुद्धा चढवला नाही. घरपट्टी भरा असं सांगायच्या तसंच सांगितलं. "नागरिकांनो, नगरपालिकेकडून कळवण्यात येते की, गावातल्या सर्व नळांना आत्ता पाणी सोडण्यात आले आहे. एकच तास राहील."

 मग कुठल्यातरी गल्लीच्या तोंडाशी बाई ओरडली, "उनं वं, पानी उनं!" आणि बाजार उठला. बघता बघता माना गच्चीवरून खाली आल्या आणि गल्ल्यांकडे वळल्या. कांदेवाल्या म्हातारीने कांदे टाकले! टेम्पोवाले आपापल्या गावांच्या नावाने ओरडायला लागले, "पहूर! पहूर! पाचोरा!" यादीतला पहिला टेम्पो मागे घेऊन ड्रायव्हरने रखमाबाईंना आणि पायात छर्रे लागलेल्या एका हमालाला उचललं आणि गाडी डॉक्टरकडे गेली.

आणि कमल? पिशवी छातीशी धरून माझ्या खिडकीखालून पळत गेली. वर पाहिलंसुद्धा नाही. शेजारणीला ओरडून सांगत होती, "माझा पाइप कुणाकडे आहे गं?" मला तिथेच खुर्चीत बसून रडू आलं. लपवत नाही. भाजीच्या पिशवीसकट पळणारी इतकी सुंदर बाई मी आजवर पाहिली नव्हती.

घरी गेल्यावर ती मला काय म्हणाली असेल? "ऑफिसात बसता, आणि पाणी येणार हे आधी सांगत नाही!"

पण घरी जायला वेळ होता. नाना अजून गच्चीवर होते. त्यांनी पुन्हा बंदूक भरली होती. खाली मात्र वांगी, कांदे, चपला, उलटलेल्या टोपल्या, एवढंच. समोर मारायला माणूस नव्हता. फौजदार दोन शिपाई घेऊन मार्केटच्या जिन्याखाली पोचले होते, पण वर जायला वाट एकच आणि ती नानांच्या समोरून.

बाजार इतका शांत मी कधी ऐकला नाही. लांब गल्ल्यांमधून भांड्यांचा आवाज येत होता, हंडे, बादल्या, बायकांची हाक. नाना ते ऐकत उभे होते. मग ते गच्चीच्या कठड्यापाशी आले आणि समोर, आमच्या खिडकीकडे बघून त्यांनी विचारलं,

"आमनी गल्लीमाबी उनं का?"

अक्का माइक हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  सगळ्या गावाला एकदम पाणी सोडल्यावर पिंपळगल्लीला थेंब चढत नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि खोटं सांगायचं नाही, असं अक्कांनी आत्ताच सांगितलं होतं.

उत्तर खालून आलं. मार्केटच्या मागून, मोकळ्या मैदानात, खांद्यावर चावी घेतलेला लोटन एकटा चालत आला. गच्चीच्या अगदी खाली उभा राहिला आणि मान वर केली. साहेबलोकांसमोर त्याने तोंड उघडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"तुमनी गल्लीना व्हॉल्व्ह पहिले खोलेल शे, नाना! मेन रोडना अजून बंद शे!"

 नानांनी बंदुकीतून काडतुसं काढून कठड्यावर ठेवली, त्यांच्या शेजारी बंदूक ठेवली आणि जिन्याने खाली आले.

नानांना सजा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रखमाबाईंची दोन बोटं गेली, पुढे त्यांना गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरता येईना. हे मी विसरत नाही आणि कुणी विसरूही नये. दुसऱ्या दिवशी मेन रोडवरून तक्रार अर्जही आला, 'काल पाणी उशिरा व कमी दाबाने आले.' त्यावर मी 'दप्तरी दाखल' लिहिलं. नोकरीत तेवढा एकच शेरा मी मनापासून मारला!

पण त्या दिवशी जीपपाशी मी खाली गेलो होतो. का गेलो, माहीत नाही. फौजदार नानांना आत चढवत होते. नानांनी मला पाहिलं, एक पाय जीपमध्ये ठेवून थांबले आणि म्हणाले,

"भाऊसाहेब, घर सांगी द्या. पहिले पेवानं पानी भरी ल्या म्हना, मंग वापरानं."